झंस्कारी घोड्यांचा उन्हाळा

सोनोग्राफीच्या पडद्यावर झंस्कारी घोडीचं अंडाशय दिसत होतं आणि त्यात टपोरा बीजकोश तयार झालेला होता. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर लेहचा भर हिवाळा होता. या दिवसांत पहाडी घोडीचं अंडाशय निजलेलं असतं. अश्वप्रजनन संस्थेचे संचालक डॉ. अच्युत रांगणेकर यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि जमलेल्या लष्करी अधिकाऱ्यांऐवजी डॉ. शाल्मली खर्शीकरकडे बघितलं. या कामाला संस्थेत विरोध केला होता तो तिने एकटीने.

दरडी कोसळून सीमेवरचे रस्ते वर्षातून अनेक महिने बंद राहू लागले होते. विरळ हवेत ड्रोनना ओझं उचलवत नव्हतं, म्हणून लष्कराला पुन्हा तट्टं हवी होती, आणि तीही भराभर. पण घोडीचा माज उजेडावर चालतो, हे रांगणेकरांनी अधिकाऱ्यांना समजावून सांगितलं. रात्र लांबली की मेंदूतली निशाग्रंथी जास्त वेळ निशारस सोडते आणि अंडाशय थांबतं. दिवस वाढले की ते पुन्हा जागं होतं. शर्यतीच्या थरोब्रेड घोडीत हा नियम थोडा सैल असतो, विषुववृत्ताजवळच्या घोड्यांत फारच सैल. पहाडी जातींत मात्र तो लोखंडासारखा पक्का. रांगणेकरांनी बनवलेली ऋतुकुपी, म्हणजे औषधाची बारीक नळी, मानेच्या कातडीखाली बसवली की निशाग्रंथी बंद पडे आणि घोडी बाराही महिने माजावर येई.

"घोडी गाभण राहील," शाल्मली म्हणाली, "पण पोटातलं शिंगरू रात्र ओळखायला आईच्या रक्तातून शिकतं. आईचा निशारसच बंद असेल, तर त्याची ग्रंथी कधी चालूच होणार नाही."

"पुरावा?"

"शिंगरं वाढल्यावर मिळेल."

"मग तोवर तुम्ही त्यांच्याजवळच राहा," रांगणेकर म्हणाले. आठवड्याभरात तिची बदली झंस्कारच्या केंद्रावर झाली. दोन खोल्या, एक तबेला आणि तिचा राग राग करणारं गाव.

गावातल्या सगळ्या घोड्या आंगमो नावाच्या बाईच्या शब्दावर चालत. संस्थेने खोऱ्यातल्या एकूण एक घोडीला कुपी बसवली होती आणि आंगमोच्या लेखी संस्था म्हणजे शाल्मली. ती शाल्मलीला पाणीसुद्धा विचारत नसे.

शिंगरं झाली, भराभर झाली. पण हिवाळा आला तरी त्यांच्या अंगावर लोकर धरेना. त्यांच्या शरीराला रात्र लांबल्याचं कळतच नव्हतं. जुन्या गोधड्या बांधूनही निम्मी शिंगरं थंडीने गेली. आंगमोने एक मेलेलं शिंगरू घोंगडीतून आणून शाल्मलीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली. शाल्मलीने ते एकटीने पुरलं. त्या दिवशी तिला रांगणेकरांचा इतका संताप आला, की त्यांना खोटं पाडण्यापेक्षा हरवायचं कसं, हाच विचार तिच्या डोक्यात राहिला.

वाचलेल्या शिंगरांसाठी तिने दुसरी कुपी केली. ती झंस्कारच्या सूर्याच्या हिशोबाने रोज रात्री निशारस सोडत असे, हिवाळ्यात जास्त वेळ, उन्हाळ्यात कमी. ती बसवल्यावर पुढच्या हिवाळ्यात शिंगरांना दाट लोकर आली आणि उन्हाळ्यात वयात आलेल्या माद्या माजावर आल्या.

तिने अहवाल पाठवला. रांगणेकरांचा फोन लगेच आला. त्यांच्या आवाजात खेद नव्हता, उलट खुशी होती. या घोड्यांना सूर्य कळत नाही, तेव्हा त्यांचा ऋतू आता संस्थेच्या हातात आला, असं ते म्हणाले. खोऱ्यातल्या झाडून सगळ्या घोड्यांना ही रात्रकुपी पहिल्यांदा फुकट बसवायची, आणि पुढच्या प्रत्येक पिढीसाठी ती विकत घ्यावीच लागेल. शाल्मलीने त्यांना पुरतं बोलू दिलं आणि होकार देऊन फोन ठेवला.

कुप्या घेऊन ती आंगमोच्या अंगणात गेली तेव्हा आंगमो दारात आडवी उभी राहिली. तुमच्या एका कुपीने आमची शिंगरं मारली, आता दुसरी आणलीत, असं ती म्हणाली.

"ही एकदाच लागेल," शाल्मली म्हणाली. "घोडीच्या रक्तात रात्र परत आली की पोटातल्या शिंगराला ती मिळेल. त्याची ग्रंथी आपोआप चालू होईल. त्याला कुपी नको."

"हे तुमच्या साहेबांना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं नाही."

आंगमोने शाल्मलीच्या हातातली कुपी घेऊन उलटसुलट बघितली. मग बाजूला झाली. चेहरा तसाच कडू होता, पण घोडीची मान तिने स्वतः धरली.

त्या घोड्यांच्या शिंगरांनी पहिलाच हिवाळा दाट लोकर घेऊन काढला. आणखी दोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, रांगणेकर स्वतः वर आले. विक्रीच्या कुप्यांच्या पेट्या तीन तट्टांवर लादून आणल्या होत्या आणि पायथ्यापासून तेही तट्टावर बसूनच आले होते; चारही तट्टं गावातल्याच माद्या होत्या. कुरणात नव्या पिढीच्या माद्या चरत होत्या. कुपी न बसवताच त्या माजावर आल्या होत्या, शेपट्या उचलून घोड्याला साद घालत होत्या. रांगणेकरांनी एकीच्या मानेवरून हात फिरवला, मग दुसरीच्या, तिसरीच्या. कुठेच कुपीची गाठ लागेना. ते शाल्मलीकडे वळले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं."

"हो," शाल्मली म्हणाली.

तिला नोकरीतून काढण्याची धमकी त्यांनी तिथेच दिली आणि सामान पुन्हा लादायला सांगितलं. तोवर आंगमोने चारही तट्टांची खोगिरं उतरवली होती.

"घोड्या माजावर आहेत, ओझं वाहणार नाहीत," ती म्हणाली. "पेट्या उचला. खाली चालत जायचंय."