ढोलाआधी निघालेली होडी

खोटं वाटलं तर वाचू नका. मला कुणाची करमणूक करायची नाही. हे आमच्या घरात घडलंय, आणि ज्या माणसाची ही गोष्ट आहे ते आजही माझ्या हातचं जेवतं.

बारा वर्षं झाली. मार्चचा दुसरा गुरुवार, सकाळचे दहा. झांबेझीच्या पुराच्या मैदानात, लिओंदो नावाचा आमचा उंचवटा.

तो पणज्यांनी टोपल्यांनी माती वाहून रचलाय. कारण नदी दरवर्षी सगळं मैदान गिळते. पाणी चढलं की गुरं, भांडी, म्हातारी माणसं घेऊन काठावरच्या उंच गावी जायचं. उतरलं की परत यायचं. दोन घरं, कालवे, पेरणी, अगदी लग्नाचे महिनेसुद्धा... सगळं नदीनं ठरवलेलं. शहरातले लोक याला संस्कृती म्हणतात आणि फोटो काढून जातात.

एक नियम मात्र माणसांचा. राजाचा ढोल वाजतो, राजाची मोठी होडी सुटते, मग बाकीच्यांनी निघायचं.

आधी नाही.

त्या वर्षी पाणी तीन आठवडे लवकर आलं. ढोल काही वाजेना. तारीख वरून ठरते. आमची आई काही तारीख बघून आजारी पडली नव्हती.

ताप उतरत नव्हता. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायच्या. दवाखाना काठावर, चार तासांवर.

मोठा भाऊ मुबिता म्हणाला, निघायचं. मी होडी ओढली.

शेजारचे अकालेम्वाकाका आडवे आले. राजा मागे आणि तुम्ही पुढं, तोंड कुठं लपवाल, असं बरंच बोलले.

"काका, तुमच्या राजाला ताप आलाय का?" मुबितानं विचारलं.

काका पाय आपटत आपल्या घरात निघून गेले.

आईला चटईसकट उचलून होडीत ठेवलं. ती शिव्या देत होती. "मेल्यांनो, ढोल तरी वाजू द्या. मला नाही यायचं."

आम्ही ऐकलं नाही.

अर्धा तास गेला असेल. ऊन लख्ख होतं. आणि माझ्या लक्षात आलं...

पक्षी नव्हते.

पुरात आमच्याकडे बगळ्यांनी पाणी पांढरं होतं. त्या दिवशी एकही नाही.

मग होडी हलकी झाली.

ज्यांनी जन्मभर उभं राहून वल्ही मारलीत, त्यांना तळव्यांतून कळतं होडीत किती वजन आहे. मी वळून पाहिलं. आई चटईवरच होती. डोळे मिटलेले. श्वास चालू.

खोकला थांबला होता.

"बरं वाटतंय वाटतं तिला," मी म्हणालो.

मुबितानं वल्हं थांबवलं. मलाही तेव्हाच ऐकू आलं...

खोकला.

मागून. लिओंदोकडून. आईचाच.

"पाण्यावर आवाज फिरतो," मुबिता म्हणाला. "वल्हव. मागं बघू नकोस."

मी वल्हवलं. आयुष्यभर त्याची लाज वाटत राहील.

दवाखान्यात ताप निघालाच नाही. नर्स हसली, धडधाकट बाईला कशाला आणलंत म्हणाली. आई उठून बसली आणि वाडगाभर लापशी आंबट दुधाबरोबर संपवली. आम्ही खूश. मुबिता तर चारचौघांत म्हणाला, ढोलाची वाट बघितली असती तर आई गेली असती.

तीन आठवड्यांनी ढोल वाजला. लिओंदो रिकामं झालं.

अकालेम्वाकाका काठावर उतरले ते थेट आमच्या अंगणात. बसायला दिलं तर बसले नाहीत.

"हरामखोरांनो, आजारी आईला टाकून पळालात?"

आम्हाला काही कळेना.

ते सांगत गेले. रोज तिला मासा नेऊन द्यायचे. ती चुलीपाशी बसलेली असायची, खोकत. शेवटच्या दिवशी पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा काका आणि त्यांचा जावई तिला उचलायला गेले. तिनं दाराचा खांब सोडला नाही. माझी पोरं न्यायला येतील, म्हणाली. दोघांनी मिळून ओढलं, तरी हलली नाही.

मी काकांचा हात धरला आणि आत नेलं. आई खाटेवर बसून मासे साफ करत होती.

काकांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

आणि पाठ न वळवता, उलट्या पावली बाहेर गेले.

मुबितानं त्याच क्षणी होडी काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतला. पाणी छपराला लागलं होतं.

"उशीर झाला," एवढंच म्हणाला. तिथं काय पाहिलं ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही. माझ्या घराची पायरीही तो तेव्हापासून चढलेला नाही.

ती माझ्याकडेच आहे. खाते, झोपते, सगळ्यांना ओळखते. बारा वर्षांत एकदाही आजारी पडली नाही.

आता वयानं तिचे हात थरथरतात, म्हणून मी भरवतो. काल घास घेता घेता तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"किती रे करतोस माझं, बाळा."

माझ्या आईनं मला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं.

मी पुढचा घास उचलला. तिनं तोंड उघडलं.