तळखेडच्या धक्क्यावरील तीन वस्त्रे

१९५६ च्या एप्रिलमधील एका शनिवारी, सकाळी सातच्या ठोक्याला, मधुकरराव भाड्याच्या मोटारीत बसले. वर्धा जिल्ह्यातील जुन्या गढ्या-वाड्यांची यादी पुरी करण्याचे काम त्यांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतले होते. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या या गृहस्थांचा एक नियम होता : डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक ओळ लिहायची नाही.

याच नियमापायी त्यांच्या टेबलाच्या खणात एक छापील कागद चार वर्षे सहीवाचून पडला होता. त्यांचा मुलगा घनश्याम एका मालवाहू जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळीत असे. बावन्न साली ते जहाज बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. साधे फळकुटही हाती लागले नाही. मुलास मृत समजावे, असे पित्याने लिहून द्यावे, एवढीच जहाज कंपनीची विनंती होती.

"मृत्यू ही समजण्याची बाब नव्हे, सिद्ध करण्याची आहे," असे मधुकरराव म्हणत आणि खण पुन्हा बंद होई.

त्या वादाचा सारा भार त्यांची सून नलू वाहत होती. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. अर्जासोबत नवऱ्याची संमती हवी होती, अथवा तो हयात नसल्याचा कागद, म्हणजे खणातला तोच. मुदत सोमवारी संपत होती. म्हणूनच "आज मीही येते, मामंजी," असे ती म्हणाली तेव्हा त्यांना नवल वाटले. चार वर्षांत ती कुठे हिंडायला म्हणून गेली नव्हती.

पवनारची गढी नऊपर्यंत पाहून झाली. मोटार आर्वीकडे निघाली आणि साडेदहाच्या सुमारास ड्रायव्हर रूपरावाने ती अचानक कच्च्या वाटेला वळवली.

"ही वाट आपल्या यादीत नाही, रूपराव."

"तळखेडची गढी सोडून यादी पुरी कशी हून राह्यली, गुर्जी?"

युक्तिवाद बिनतोड होता. आरशात रूपरावाची आणि नलूची नजरानजर झाली, ती मात्र मधुकररावांच्या ध्यानातून सुटली नाही.

तळखेडची गढी भोसल्यांच्या एका सरदाराने बांधली होती. तो पुष्कळ वर्षे आरमारात काढून परतला होता, असे गावात सांगत. एरवीच्या गढीला नसते असे दोन अवयव हिला होते : एक उंच दीपस्तंभ, आणि त्याच्या पायथ्याशी घडीव दगडांचा लांबलचक धक्का. धक्क्याच्या भिंतीत गलबते बांधण्याच्या लोखंडी कड्या होत्या. खाली भेगाळलेली काळी जमीन आणि कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या. तीनशे मैलांच्या आत कुठेही समुद्र नव्हता. मधुकररावांनी धक्का पावलांनी मोजला, वहीत आकडा लिहिला, आणि मग त्यांना दिसले की कड्यांखालचा दगड दोर घासून घासून गुळगुळीत झाला आहे.

"कोनाचं कापड आनलं?" दीपस्तंभाच्या सावलीतून आवाज आला. गढी झाडणारी पंचफुला नावाची धीवर म्हातारी तेथे बसली होती.

नलूने पिशवीतून घनश्यामचा सदरा काढला.

म्हातारीने रीत सांगितली. पाण्यात गेलेला माणूस सापडला नाही की त्याच्या अंगावरचे कापड भर दुपारी या कडीला बांधायचे. "वलं झालं तं गेला. सुकं राह्यलं तं हाय कुठंतरी."

"ओले कशाने होते, ते कोणी पाहिले आहे का?" मधुकररावांनी विचारले.

"पाहाले काऊन लागते?"

मधुकरराव सुनेवर रागावले नाहीत. त्यांना वादाची संधी मिळाली होती. "एका कापडावरून काहीच ठरत नाही. शेजारी जिवंत माणसाचे वस्त्र बांधा. तेही ओले झाले की या रीतीचा निकाल लागला."

"जित्याचं बांधत नाईत, मास्तर."

"का?"

"बांधत नाईत."

रूपरावाने खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. "माहा घ्या. घामानं पहिलेच वला हाय. माह्या नावानं रडू नका म्हंजे झालं."

दुपट्टा उन्हात पुरता वाळवूनच मधुकररावांनी तो कडीला बांधला. मग, एका साक्षीपेक्षा दोन बऱ्या म्हणून, स्वतःचे उपरणे सोडले.

"मामंजी, तुमचे नको."

"परीक्षेत आवडनिवड नसते, नलू."

बारा वाजून दहा मिनिटांनी तिन्ही वस्त्रे तीन कड्यांना लागली. कोणी जवळ जाऊ नये म्हणून सगळे वीस पावलांवर, दीपस्तंभाच्या पायरीवर बसले. घड्याळ मधुकररावांच्या तळहातावर होते. वारा पडला होता. पायरीलगत उभ्या केलेल्या मोटारीची काच आतून धुरकटली. रूपरावाने ती दोनदा पुसली. नलूने सोडलेल्या शिदोरीतली भाकर रूपरावाने तोंडात घातली आणि तशीच काढून हातात धरली.

"मीठ जास्त झालं का?" नलूने विचारले.

"नाई बाई. भाकरीत नाई."

एक वाजायला चार मिनिटे असताना पहिला थेंब दगडावर पडल्याचा आवाज झाला.

सदऱ्याची बाही निथळत होती. नलू उठली, तिने ती मुठीत धरली, बोट ओठाला लावले.

"खारट आहे," ती म्हणाली.

मधुकरराव जवळ गेले, पण त्यांनी कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या कडीवरचा दुपट्टा पापडासारखा कोरडा होता.

तिसऱ्या कडीवरच्या उपरण्याखाली पाण्याचे थारोळे साचले होते.



"खोटे आहे हे सारे," नलू घाईने म्हणाली. "तुम्ही समोर उभे आहात. चला घरी. मला तो कागद नको."

"खोटे असते तर रूपरावाचा दुपट्टा भिजायला हवा होता."

"मामंजी—"

"एक वस्त्र मानायचे आणि दुसरे नाकारायचे, हे मला जमणार नाही. माझे नाकारले तर त्याचेही नाकारावे लागेल. आणि मग तू पुन्हा त्याच खणात." त्यांनी डावा हात पुढे केला. "कागद आणला असशीलच."

तिने आणला होता.

पायरीवर बसून त्यांनी तो सावकाश, अक्षर न अक्षर वाचला. 'पुराव्याचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी लिहिले : प्रत्यक्ष पाहिले. खाली सही केली.

पंचफुलाने दुपट्टा सोडून रूपरावाच्या हाती दिला. बाकीची दोन वस्त्रे तिने कडीलाच राहू दिली.

नलूने कागद उन्हात धरला. शाई लगेच वाळली. सहीशेजारी, लिहिताना मधुकररावांचा तळहात टेकला होता तेथे, पंजाएवढा ओला डाग होता. तोही हळूहळू वाळला, आणि कागदावर पांढरे बारीक कण तेवढे राहिले.