एका शब्दाचे सात अर्थ

यावोरला मी पहिल्यांदा भेटले ती भांडायलाच. बल्गेरियातल्या आमच्या रूसे शहराच्या बाजारात त्याचं पुस्तकांचं दुकान होतं. तिथूनच घेतलेला खिशाएवढा इंग्रजी शब्दकोश मी त्याच्यासमोर आपटला आणि घडलेलं सगळं सुनावलं.

इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या विधुराला घर सांभाळायला बाई हवी होती. मी अर्ज केला. उत्तरात 'एंगेज' असा शब्द आला आणि माझ्या कोशात त्याचा एकच अर्थ होता – साखरपुडा करणे. न पाहिलेला म्हातारा मला मागणी घालतोय! त्याच कोशातून शोधून शोधून मी त्याला शिव्या लिहून पाठवल्या. त्याचं दुखावलेलं उत्तर शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी वाचून दाखवलं, तेव्हा कळलं – तो मला फक्त कामावर ठेवत होता.

"असला कोश विकताना लाज नाही वाटली?"

"आणि तुम्हाला? कुणाला न विचारता त्या बिचाऱ्याला..." तोही तापला होता. कान लालबुंद.

मग त्याने स्वतःचा जाडजूड कोश काढला. त्या एका शब्दाचे सात अर्थ, प्रत्येकाखाली वाक्य. हा विकायचा नाही, म्हणाला, इथे बसून वापरा आणि आधी माफीचं पत्र लिहा.

बेकरीतलं काम संपलं की मी रोज तिथे जायची. तो लिंडनच्या फुलांचा चहा पुढे सरकवायचा आणि माझी वाक्यं खोडायचा. आम्ही शब्दाशब्दावर भांडायचो. एकदा दोघांची बोटं एकाच ओळीवर आली... कुणीच हलवली नाहीत.

"वाच ना," तो म्हणाला.

"वाचतेय." मला एक अक्षर दिसत नव्हतं.

सहा आठवड्यांनी म्हाताऱ्याने माफ केलं. त्याने दुसरी बाई ठेवली होती, पण त्याच्या बहिणीकडे मला काम मिळालं. यावोरने पत्र वाचलं, अभिनंदन केलं आणि पाठ फिरवून पुस्तकं लावायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"माझी ओळन् ओळ खोडलीस, आणि आता बोलायला काही नाही?"

"तू जावंस असं वाटतं. आणि जाऊ नयेस असंही..." त्याने पुस्तक फळीवर आदळलं. "प्रेम आहे माझं तुझ्यावर, नेवेना. झालं समाधान?"

"नाही झालं. इतके दिवस लागले?" मी खुंटीवरचा त्याचा कोट त्याच्याकडे फेकला. "मी जाणार. वर्षाने परत येणार. माझे बाबा आता घरी आहेत. चल, त्यांना आपल्या दोघांचं सांगून टाकू."

तो कोट घालायला लागला. घाईत त्याला बाहीच सापडेना. मी कोट धरला.

"हात घाल," मी खेकसले.