फू आजीच्या तोंडावरच्या रेघा

सान्या शहराहून डोंगरात पर्यटक आणणारी तेवीस सीटांची बस दोंग काका चालवत. रात्री ती धुऊन झाली की कामगारांच्या खोल्यांपुढच्या ओट्यावर बसायचं, सुपारीचं खांड पानात गुंडाळून गालात धरायचं आणि कुणी विचारो न विचारो, बोलायला लागायचं, हा त्यांचा नेम. त्या दिवशी मात्र त्यांनी तीन नव्या पोरींना मुद्दाम हाक मारून बसवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून या पोरींची तोंडं रंगवायची ठरली होती, ते काकांच्या कानावर आलं होतं.

"मोबाइल पालथे घाला," काका म्हणाले. "चार वर्षं झाली याला. इथेच घडलंय. जिच्या बाबतीत घडलं तिला मी ओळखतो, तेव्हा मध्ये हसायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

थान पेई हूनानची, म्हणजे समुद्रापलीकडची. सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ, जेवणात मिरची नाही म्हणून रोज आचाऱ्याशी भांडणारी. या पर्यटनगावात तिला नोकरी मिळाली ती बसण्याची. उपड्या होडीसारख्या गवती घरात कमरेला माग बांधून, पाय पसरून बसायचं आणि बस आली की विणायला लागायचं. विणता तिला येत नव्हतंच. काठी इकडून तिकडे सरकवायची आणि मान खाली घालून गोड हसायचं. फोटो काढणाऱ्यांना तेवढं पुरत होतं.

तिच्या शेजारी फू आजी बसायच्या. त्या खऱ्या. ली जमातीतल्या, वरच्या गावातल्या, ऐंशी कधीच उलटलेल्या. कानापासून हनुवटीपर्यंत दोन्ही गालांवर निळ्या रेघा गोंदलेल्या. न्हाण आल्यावर घरातल्या बायकांनी धरून बसवलं होतं आणि काट्याने टोचून त्या रेघा काढल्या होत्या. आता तसं गोंदवून घेणारं कुणी उरलं नाही. लोक तिकीट काढून येत ते फू आजींनाच बघायला. सान्यापासून इथपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक फलकावर त्यांचंच तोंड होतं.

दोन वर्षं शेजारी बसून आजी पेईशी एक शब्द बोलल्या नाहीत. पेईने पाण्याची बाटली पुढे केली तरी त्यांना ती दिसायची नाही. एकदा गंमत म्हणून पेईने भुवयांच्या पेन्सिलीने स्वतःच्या गालावर दोन रेघा ओढल्या आणि "आजी, शोभते का मी?" म्हणून विचारलं. आजी सुपारी चघळत होत्या. त्यांनी लाल पिंक तिच्या पायाशी टाकली आणि तोंड फिरवून घेतलं.

त्या हिवाळ्यात आजी गेल्या. आणि तिसऱ्या महिन्यातल्या तृतीयेचा सण तर तोंडावर आलेला. तुम्हाला ठाऊक आहेच, त्या आठवड्यात इथे बस लावायला जागा मिळत नाही. मॅनेजर छ्यू दोन दिवस डोकं धरून बसला. फलकावरची आजी दाखवायची कुठून? तिसऱ्या दिवशी त्याने सान्याहून नाटकवाल्यांचा एक रंगारी आणला, त्याच्यापुढे आजींचा मोठा फोटो ठेवला आणि पेईला खुर्चीत बसवलं. रंगाऱ्याने रेघ न् रेघ मोजून उतरवली. दोन तास लागले. रंग चांगला होता, पाण्याने जात नव्हता. दारूनेच जाईल, असं रंगारी म्हणाला.

पेईला आरशात बघून मजा वाटली. पर्यटकही खूश. एक बाई तर म्हणाली, इतक्या तरुण वयात गोंदवून घेणं म्हणजे केवढं धाडस! आठ दिवस असे झकास गेले.

नवव्या दिवशी दुपारी आजींचा मुलगा ल्यांगशान फाटकातून आत आला. पन्नाशीचा, रबराच्या झाडांचा चीक काढणारा, अबोल माणूस. तो थेट पेईपुढे येऊन उभा राहिला. समोर तीस पर्यटक बसलेले.

"हे पुसून टाक," तो म्हणाला.

पेईने छ्यूकडे बघितलं. छ्यू हसत हसत पुढे आला आणि कार्यक्रम संपल्यावर बोलू म्हणाला. ल्यांगशानने त्याच्याकडे मानही वळवली नाही.

"ही आमच्या घराची रेघ आहे. दुसऱ्या घरात ती नसते. मेलेल्या बाईला आमची जुनी माणसं हिच्यावरून ओळखतात आणि आत घेतात. तोंड बघत नाहीत ती, रेघ बघतात. तू कोण, कुठली, त्यांना काय कळणार?"

पेई फटकळच. ती म्हणाली, "मग सांगा त्यांना, माझी सुट्टी रविवारी असते. त्या दिवशी न्यायला या."

पर्यटक हसले. ल्यांगशानला दोघा रखवालदारांनी दंड धरून बाहेर काढलं. जाताना तो शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तो फाटकाबाहेर वळून पेईच्या तोंडाकडे बघत राहिला, एवढंच.

तो दिवस सणाच्या आदला, तिसऱ्या महिन्यातली द्वितीया. संध्याकाळी छ्यूने पेईला एक काम सांगितलं. काम साधं होतं. वरचं जुनं गाव आता रिकामं आहे, लोक खाली रस्त्यालगत विटांच्या घरांत आलेत, पण गवती घरं फोटोसाठी राखलीत. पहाटे तिथे छायाचित्रकार येणार होता. त्याच्यासाठी विणलेल्या कापडाचे तीन तुकडे आणि डोंगरी तांदळाच्या दारूचं एक मडकं चौथ्या घरात नेऊन ठेवायचं. तोंडावरचा रंग मात्र काढायचा नाही, कारण पहाटे पुन्हा दोन तास रंगवायला वेळ नव्हता.

"एकटी जाऊ?" पेईने विचारलं.

"दोन किलोमीटर तर आहे. वरात काढू का तुझी?" छ्यू म्हणाला.

पेई बॅटरीच्या स्कूटरवर निघाली. पायाशी मडकं, मागे कापडाचं गाठोडं. सात चाळीसला ती वर पोचली. वेळ तिला पक्की आठवत होती, कारण पोचल्याचा निरोप तिने छ्यूला पाठवला होता. चंद्राची नखाएवढी कोर डोंगराच्या कडेला टेकलेली. वारा पडलेला. सुपारीची झाडं सरळ उभी, पान हलत नव्हतं.

चौथ्या घरात तिने कापड ठेवलं. मडकं आणायला स्कूटरकडे परत आली. मडकं उचललं, आणि तिला आवाज आला.

टप... टप.

मागावर धागा ठोकल्याचा. दोन वर्षं शेजारी बसून ऐकलेला. पाचव्या घरातून येत होता.

तिला वाटलं, छ्यूने दुसऱ्या पोरींना सरावाला पाठवलं असेल. बरं वाटलं तिला, खाली जायला सोबत होईल. मडकं तसंच हातात धरून ती त्या घराशी गेली.

"कोण आहे आत? छ्यू साहेबांनी पाठवलंय का?"

आवाज थांबला.

मग पुन्हा... टप... टप.

दार बुटकं होतं. ती वाकली. आत दिवा नव्हता, तरी दिसत होतं. सहा-सात बायका ओळीने बसलेल्या. दाराकडे पाठ. पाय लांब पसरलेले, पावलांशी माग ताणलेले. ओळीच्या मध्ये एक जागा रिकामी. तिथे चटई अंथरलेली. कमरेला बांधायचा पट्टा सोडून ठेवलेला.

त्यांतल्या एका बुटक्या म्हातारीने न वळता हात बाजूला नेऊन चटईवर थोपटलं. दोनदा.

पेईने काकांना नंतर सांगितलं, तिला पळायचं होतं. पाय आत गेले. ती बसली. मडकं मांडीत. मागून कुणीतरी पट्टा कमरेला आवळला.

मग एक बोट तिच्या कानाखाली टेकलं.

थंड. ओलं. बोट रेघेवरून खाली आलं. हनुवटीपर्यंत. पुन्हा वर. दुसरी रेघ. तिसरी. घाई नाही. आंधळं माणूस चाचपत ओळख पटवून घेतं तसं... एका गालावरच्या सगळ्या. मग दुसऱ्या. शेवटची रेघ संपल्यावर ती म्हातारी घशातल्या घशात हुंकारली. पटल्यासारखी.

सगळ्या जणी विणायला लागल्या.

टप. पट्टा आवळला. टप. आणखी आवळला. प्रत्येक ठोक्याला पेईचा श्वास आत कमी जात होता.

तिने कशीबशी मान वळवली, दाराकडे.

उंबऱ्याबाहेर कुणीतरी बसलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन. किती दिवस बसलंय कोण जाणे, अंगावर गवताची कुसळं साचली होती. पुरतानाचे कपडे. फू आजी.

आजींनी मान वर केली.

तोंड तेच. सुरकुत्या त्याच. डोळे तेच. रेघ... एकही नाही. धुतलेल्या ताटासारखे गाल.

आजी आतल्या त्या जागेकडे बघत होत्या. मग पेईकडे बघितलं. पेई म्हणाली, दोन वर्षं त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, ते सगळं बघणं त्यांनी तेव्हा एकदम बघितलं.

"आजी, मी..."

पट्टा आणखी आवळला.

बोटं मात्र हलत होती. मांडीत मडकं होतं. तिने मडक्याच्या तोंडावर बांधलेलं पान दातांनी फाडलं आणि मडकं तोंडावर उपडं केलं. डोळ्यांत आग झाली. बाहीने घासलं. पुन्हा घासलं. नखांनी खरवडलं. दारूबरोबर निळं पाणी गळ्यावरून खाली ओघळलं, मग लाल.

विणणं थांबलं.

सगळ्या वळल्या आहेत, हे तिला न बघता कळलं. तिने डोळे उघडले नाहीत.

ते बोट पुन्हा आलं. कानाखाली. शोधत राहिलं. इकडे... तिकडे...

मग पट्टा सुटला. खांद्याला असा धक्का बसला की ती उंबऱ्यावरून बाहेर तोंडावर आपटली. पडता पडता तिच्या हातावरून कुणाच्या तरी कपड्याचा काठ घासत आत गेला.

आत ठोके पुन्हा सुरू झाले. आता एक माग जास्त होता.

स्कूटर सुरू कशी केली ते तिला आठवत नव्हतं. खालच्या वस्तीत ल्यांगशान दारातच बसला होता. तिचं सोललेलं तोंड बघून तो उठला. ती उभ्या उभ्या सगळं सांगत गेली. शेवटी त्याने तांब्याभर पाणी आणून तिच्या हातांवर घातलं. घरात ये म्हणाला नाही.

"आई आत गेली?" त्याने विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"मग तू जा. इथून म्हणजे या बेटावरूनच. समुद्र ओलांड. एकदा आत घेतलेल्या बाईला त्या शोधत येतात."

सकाळी छ्यूने आरडाओरडा केला, पगार कापीन म्हणाला. पेईने ऐकून घेतलं आणि बॅग उचलली. दुपारी दुसऱ्याच एका पोरीला खुर्चीत बसवल्याचं काकांनी स्वतः बघितलं. ती पोरगी महिनाभरात कुठे गेली, हे विचारलं तर छ्यू आजही विषय बदलतो.

पेईला त्या संध्याकाळी हायखौ शहराच्या बाजूला, बोटीच्या बंदरापर्यंत दोंग काकांनीच सोडलं. वाटेत साडेतीन तास तिने त्यांना हे सांगितलं, एकदाच, सलग. बंदरावर ती जरा सावरली. काकांकडून तिखट शेवया मागून घेतल्या, खाल्ल्या, हसलीसुद्धा. तोंडावरच्या खपल्या सोडल्या तर ती पुन्हा पहिल्यासारखी दिसत होती.

बोटीवर जायचं फाटक हल्ली असतं तसंच होतं. ओळखपत्र टेकवायचं, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की फाटक उघडतं. गर्दी नव्हती. काका तिची बॅग घेऊन सहा पावलं मागे थांबले होते. पेई एकटीच पुढे झाली.

फाटक उघडलं नाही. यंत्रातली बाई म्हणाली, "कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे."

पेईने मागे बघितलं. कुणी नव्हतं. ती पुन्हा उभी राहिली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. तिथला कर्मचारी वैतागून आला, त्याने तिला शेजारच्या फाटकाशी नेलं. तिथेही तेच. तिसऱ्यांदा यंत्र बोललं तेव्हा त्याने वाकून पडदा बघितला. मग तो पडद्यापासून मागे सरला, किल्लीने फाटक उघडलं आणि पेईला हाताने खूण केली, जा.

ती निघून गेल्यावर काका पुढे झाले. पडद्यावरचं शेवटचं चित्र अजून तसंच होतं. चेहरा सापडला की यंत्र त्याच्याभोवती हिरवी चौकट आखतं. एक चौकट पेईच्या तोंडाभोवती होती.

दुसरी तिच्या डाव्या खांद्यामागे होती. थोडी खाली... बुटक्या माणसाच्या उंचीवर.

त्या चौकटीत कुणीच नव्हतं.