चंद्रावरची एकादशी

चंद्रावर राहायचं आणि तिथीही चंद्राचीच पाळायची, हा उद्योग आपल्याच माणसांना जमतो. बोगदा खणणारी अकरा जणांची टोळी, सगळी सांगोल्याकडची. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी असं सगळं चापून झालं आणि तेवढ्यात बोगद्याचं तोंड ढासळलं.

आत हवा साडेचार दिवसांची. सुटकेचं यान यायला चाळीस दिवस.

"घाबरू नका," पृथ्वीवरून डॉक्टर निशिगंधा टिपणीस म्हणाल्या. "तुमच्या बरगडीखाली कंपनीनं बसवलेलं मंदचूल नावाचं यंत्र आहे. मी इथून बटण दाबते. शरीर दहावा हिस्साच इंधन जाळेल, हवाही दहावा हिस्साच लागेल."

त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"आता ओ?" स्वयंपाकीण गोजराबाईंनी विचारलं.

"मावशी, असं बघा. शरीरात कामाची साखळी असते. पहिल्या कामावर एक मुकादम बसलेला असतो. पुढं माल साचला की तो हात थांबवतो, माल संपला की हाक मारतो. मंदचूल त्याला सांगते, दुष्काळ पडलाय, जपून जाळ. पण तो आधी यकृतातला साखरेचा साठा बघतो. तुम्ही आज काय खाल्लंत?"

"उपास होता."

"खाल्लंत काय?"

गोजराबाईंनी यादी सांगितली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मुकादमाचं कोठार भरलंय, त्याला दुष्काळ पटेल कसा? साठा आपोआप संपायला एक दिवस जाईल. मग उरलेली हवा पस्तीसच दिवस पुरेल."

"पळवते की सगळ्यांना, जळंल साठा."

"धाप लागली की हवा जास्त जाते, मावशी! दोन तासांत साठा संपेल, पण पाव दिवसाची हवा जाईल."

गोजराबाईंनी बोटं मोजली. "म्हणजे बेचाळीस दिवस उरतात. डाक्टरीणबाई, जमतंय की! उठा रे मुडद्यांनो, फुगडी!"

"मावशी, मिशी आहे मला," हणमंता कुरकुरला.

"मिशी धरून घालायची नाही, हात धरून घालायचीय!"

चंद्रावर वजन सहावा हिस्सा. पहिल्याच गिरकीला हणमंता छताला जाऊन डोकं आपटून आला. मग एकेकाला कमरेला दोरी बांधून खाली धरलं. दोन तास दहा मिशाळ गडी गरगरत होते आणि म्हातारी मधोमध उड्या मारत शिव्या घालत होती. शेवटी हणमंता मटकन बसला. "मावशे, पोटात खड्डा पडला गं!"

"दाबा बटण!"

या वेळी मुकादमाला पटलं. अकरा जण भिंतीला टेकून अस्वलासारखे गार पडले. मिनिटाला एक श्वास, तोही उसना घेतल्यासारखा.

एक्केचाळिसाव्या दिवशी दगड फुटला, डॉक्टरांनी बटण परत दाबलं आणि अकराच्या अकरा उठून बसले! पृथ्वीवर गावोगाव फटाके वाजले. गोजराबाईंनी तळावर येताच तवा ठेवला. "आज खरा उपास सोडायचा. बसा पंगतीला!"

भाकऱ्या पडायला लागल्या, चेष्टेला ऊत आला. तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला, पण पडलेला.

"मावशी, बटण आता माझ्याकडे नाही. कंपनीनं काढून घेतलं. चाळीस दिवस अन्नाशिवाय निघतात म्हटल्यावर त्यांनी धान्याचं यान रद्द केलंय, आणि आता बटण..."

हणमंताचा घास ओठांशी थांबला. पंगतीतला एकेक हात मंदावत गेला. गोजराबाई भाकरी उलटायला वाकल्या, आणि तशाच राहिल्या. तव्यावरची भाकरी टम्म फुगली, मग हळूहळू करपत गेली.