गायरान सोडून

भंडाऱ्याहून निघालेल्या बसनं वळण घेतलं आणि शेजारच्या तरुणाच्या हातातला गुंडाळलेला नकाशा दामिनीच्या खांद्यावर आदळला.

"सॉरी... लागलं का?"

"नाही. पण एवढं लांब काय घेऊन चालले तुमी?"

"करडीचं गायरान," तो हसला. नाव भूपेंद्र, राहणारा साकोलीचा. गायरानावर सौर प्लेटा बसवून शेतीला दिवसा वीज द्यायची, त्या कामाचा इंजिनीयर.

दामिनीनं मान खिडकीकडे वळवली. "मी करडीचीच आहो. अन् ग्रामसभेत तुमच्या विरोधात बोलनार आहो."

"काहून?"

"गाईइनं चरावं कुठं? तुमच्या नकाशात गाई दिसूनच नाही राहिल्या."

त्यानं नकाशावर एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "दाखवाल?"

संध्याकाळी तिनं त्याला गायरान दाखवलं. घरी परतणाऱ्या एका गाईनं त्याच्या शर्टाची बाही चाटली. दामिनी खळखळून हसली... आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

पलीकडे मुरमाचं उघडंबोडकं टेकाड होतं. "तिथं चालन?" त्यानं विचारलं.

"तिथं कोनाचीच ना नाही. पण तुमचे साहेब मानतीन?"

"मनवतो. तुमी विरोधात बोलाल तं मले वाईट वाटन."

त्यानं खरंच टेकाडाला मंजुरी आणली. पण निवडणूक तोंडावर होती, आणि गावच्या पुढाऱ्यानं घरोघरी सांगून ठेवलं होतं – प्लेटांनी पाऊस पळतो, धान करपतं. ग्रामसभेत भूपेंद्र समजावत राहिला. गोंधळात त्याचा आवाज बुडाला.

दामिनी उठली. तिचे वडील, हेमराज, पुढाऱ्याच्याच शेजारी बसले होते.

"माहे बाबा रात्री लाईन आली का मोटर लावाले धानाच्या बांधीत जातात. मांगच्या साली पायाजवळून साप गेला. तवापासून आईले झोप नाही. गायरान वाचून राहिलं – मंग दिवसाची लाईन काहून नको?"

पहिला हात वर गेला तो हेमराजांचा. मग दहा, मग शंभर. पुढाऱ्यानं मागे वळून पाहिलं आणि हळूच आपलाही हात उचलला.

सभा संपली तशी दामिनी निघाली. बाहेर भूपेंद्र वाट बघत होता.

"टेकाडावरचं काम संपलं का मी जाईन," तो म्हणाला. "मंग इकडं यायले कारण..."

"कारण कायले पाहिजे?" तिची नजर खाली झुकली. "मले भेटाले या."

"मी तं... पहिल्या दिवसापासून त्याच्यासाठीच येऊन राहिलो."

दोघं घराच्या वाटेला लागले. पुढे चाललेल्या हेमराजांनी एकदा वळून पाहिलं आणि पावलं जरा झपझप उचलली.