त्याच्यापुरता स्वर

गाण्याच्या शाळेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आणि आत एकटी ती. शाळेत सगळे तिला बाई म्हणत. चाळीस गळ्यांच्या वृंदासाठी गाणी रचायची, ती त्यांच्याकडून घोटून घ्यायची, आणि कुणी बेसूर झालं की नुसती भुवई वर करायची. त्या दिवशी मात्र तिचीच बोबडी वळली होती.

"घाबरू नका, पाच मिनिटांत बाहेर काढतो," खालून आवाज आला.

काय आवाज तो! भरदार, खोल, उबदार. तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

"पुन्हा बोला ना."

"काय बोलू?"

"नाही... गाच. जमेल तितक्या खाली जाऊन 'आ' लावा."

"अहो, मी लिफ्ट दुरुस्त करतोय!"

"दोन्ही करा. मला घाई नाही."

पुढच्या शनिवारी लिफ्टवाला हातावरचं ग्रीस पुसत तालमीला आला. मागच्या रांगेत, जाड आवाजांमध्ये उभा राहिला. मग वर्षभर त्याने एक शनिवार चुकवला नाही.

"श्वास कधी घ्यायचा?" तो मुद्दाम विचारी.

"शेजारचा घेत नसेल तेव्हा. सगळ्यांनी एकदम घेतला की स्वर तुटतो."

"आणि तुमच्याकडे बघता बघता घ्यायचाच राहिला तर?"

"तर... शेजारच्याकडे बघा."

आवाज कडक, पण कान लालबुंद. गाडी याच्यापुढे कधी सरकली नाही. रविवार उजाडला की तिला पुढच्या शनिवारची हुरहुर लागे. सहा दिवस कसे काढायचे, हे तिचं तिलाच ठाऊक.

तिच्या गाण्यांच्या प्रती काढायचं काम आत्याकडे असे. एकदा आत्याने चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, या वर्षातली तुझी सगळी गाणी शेवटी त्या एकाच खोल स्वरावर येऊन बसतात. तो चाळिसांतल्या एकालाच लागतो. वृंदासाठी लिहितेस, की...?"

"आत्या!"

"मी आपली नक्कल काढणारी. मला मेलीला काय कळतंय!"

चूक खरीच होती. वृंदाचं गाणं एका गळ्याच्या भरवशावर ठेवायचं नाही, हे ती स्वतःच नवशिक्यांना शिकवायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याने सांगितलं — बदली झाली. पाच तासांवरच्या शहरात, महिनाअखेरीला.

"अरे वा," ती म्हणाली. याहून वेडगळ उत्तर शोधून सापडलं नसतं.

मग आठवडाभर ती रबर घेऊन बसली. एकेका गाण्याचा शेवट खोडून वर चढवला, कुणालाही जमेल असा. खोडताना डोळे भरून येत, पण हात थांबला नाही.

शेवटच्या तालमीला त्याने कागद उघडले आणि गायलाच नाही. सगळे पांगल्यावर तो मागे थांबला.

"माझा स्वर खोडलात?"

"तुम्ही गेल्यावर तो लावणार कोण?"

"दुसऱ्या कुणाला लागतच नव्हता, तर लिहिला कशाला होता?"

चाळीस जणांना तोंड उघडायला शिकवणारी ती टेबलावरचं रबर मुठीत घेऊन नुसतं फिरवत राहिली. त्याने जरा वाट पाहिली, कागद नीट टेबलावर ठेवले आणि दाराकडे निघाला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला लख्ख कळलं.

"थांबा! तुम्ही... तुम्ही शनिवारी यावं म्हणून लिहिला. तुमच्याशिवाय एकही गाणं पुरं होऊ नये म्हणून. बाकीचे एकोणचाळीस जण तर मी... नुसते भोवती उभे केले होते."

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तो मात्र परत फिरला, अगदी जवळ आला आणि त्याने तळहात पुढे केला.

"पहाटेची गाडी धरली, तर शनिवारी तालमीच्या वेळेला पोचतो मी. ते रबर तेवढं इकडे द्या."

तिने दिलं. आणि हात तिथेच राहू दिला.